एका फेरीइतकं ढवळायचं

आमच्या घरमालकाच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बंद होतं आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नव्हतं. त्या घरात वेळ मोजायची ती फेरीबोटीने. चोपड्याच्या धक्क्यावरून फेरी सुटायची, शापोरा नदी ओलांडून पलीकडे शिवोलीला लागायची आणि पुन्हा यायची. चहा उकळायचा अर्धी फेरी. भाताला दोन फेऱ्या. मी राहायला गेलो त्या पहिल्या सकाळी आंघोळीचं पाणी कधी तापेल म्हणून विचारलं, तर घरमालकीणबाई चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "ती पलतडीं लागली काय न्हा." ती म्हणजे कोण, हे कळायला मला खिडकीतून नदीकडे बघावं लागलं.

घरमालकांना सगळा गाव आबा म्हणायचा, मीही तेवढंच म्हणतो. तीस-बत्तीस वर्षं ते त्याच फेरीवर इंजिनाकडे होते. खाली, तेलात. सुकाण काही त्यांच्या हाती कधी आलं नाही. निवृत्त झाल्यावर ती हौस त्यांनी घराच्या सोप्यावरून भागवली. फेरी धक्क्याजवळ आली की खुर्चीतून उठायचे आणि ओरडायचे, "सुकती आसा रे! उजवे दी! उजवे!" सुकती म्हणजे ओहोटी. इंजिनाच्या आवाजात वरच्या माणसाला काडीचं ऐकू जात नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ओरडायचे. फेरी नीट लागली की "हां" म्हणून परत खुर्चीत. त्यांची बायको, माई, नदीकडे हात करून म्हणायच्या, "ह्यांका सरकारान घरा धाडले. न्हंयन ना."

माणसाची परीक्षा ते त्याच्या फेरीतून उतरण्यावरून करायचे. पुढची फळी धक्क्याला टेकायच्या आत सरसावणारा माणूस, त्यांच्या मते, जेवतानाही दुसऱ्याच्या पानाकडे बघणारा. पाय बघत उतरणारा घाटावरचा. दोन्ही हात मोकळे ठेवून, मागचा माणूस सामान आणतोच आहे अशा खात्रीने उतरणारा सरकारी. ओळख झाल्यावर मी त्यांना विचारलं, "आबा, मी उतरलो तेव्हा काय पाहिलंत?"

"तुवें पेटी उबारून धरिल्ली," ते म्हणाले. "उदक लागत म्हूण. कपड्यांक उदक लागलें जाल्यार सुकता. तुजे पेटयेंत कागद आशिल्ले."

खरं होतं. पेटीत माझी पदवी होती.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. घरातला कशाला, वाड्यावरचाच म्हणा. मराठी घेऊन बी.ए., मग बी.एड. हे मी अभिमानाने सांगतो. तेव्हा तर जरा जास्तच सांगायचो. चोपड्याजवळच्या एका हायस्कुलात नोकरी लागली आणि आबांच्या घरची पश्चिमेकडची खोली भाड्याने मिळाली, तेव्हा पहिलं काम केलं ते पदवी काचेत घालून भिंतीला लावण्याचं. आबा बघायला आले. बराच वेळ बघत राहिले.

"हें कितें? मशीन चलोवपाचें लायसन्स?"

"नाही आबा. पदवी."

"बरी आसा. पूण हाचेर फोटो ना. कोणाचीय आसूं येता."

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पहिल्याच दिवशी आबांनी विचारलं होतं, "बापूय कितें करता?" आणि मी म्हटलं होतं, "सुर्ल्याला मायनावर सुपरवायझर आहेत."

माझे वडील सुपरवायझर नव्हते. डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याला, नदीच्या धक्क्यावर खनिजाच्या बार्जी भरतात तिथे, भरताना जे सांडतं ते फावड्याने ओढून परत ढिगाला लावायचं, बार्ज आली की दोरी घ्यायची, गेली की सोडायची, हे त्यांचं काम. त्या फावड्यावर मी बी.ए. झालो. घरी, कॉलेजात, कुठेही मी हे कधी लपवलं नव्हतं. पण परक्या गावात, नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, उंच सोप्याखाली पेटी घेऊन उभा असताना तोंडातून सुपरवायझर निघालं. निघालं ते निघालं. आबा "हां" म्हणाले. फेरी नीट लागल्यावर म्हणायचे तसं नव्हे, दुसरं.

वर्षाचे अकरा महिने त्या घरात दारूचा वास नसायचा. कोठीच्या खोलीत वेताच्या विणीत बसवलेली एक पोटाळ काचेची बाटली असायची, तिला ते गर्राफांव म्हणायचे. तीत काजूची फेणी. पेडण्याच्या डोंगरावरची, दोन पावसाळे मुरलेली. तिला वर्षभर कुणी हात लावायचा नाही. कुणाला सर्दी झाली तर माई छातीला चोळायला चमचाभर काढायच्या, तेही आबांना विचारून. मग पाऊस सरायचा. नदीचं पाणी तांबड्याचं हिरवं व्हायचं. चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळीत बांधलेल्या तोरंजनांची, म्हणजे पपनसांची, झाडावर राहिलेली भावंडं पिवळी पडायची. दिवाळी व्हायची, घरोघरचे पोहे खाऊन पोट टम्म व्हायचं. आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आबा पेय करायचे. वर्षातून एकदाच.

आदल्या दिवशी तोरंजनं सोलायची. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी खोलीतून बाहेर यायला आणि माईंनी सूप पुढे ठेवायला एकच गाठ पडली. तोरंजन सोलणं म्हणजे काही संत्रं नव्हे. बोटभर जाड साल, मग पांढरा कापूस, मग फोडीवरचं जाड कातडं. तेही काढायचं, नाहीतर रस तुरट होतो. फोड मोकळी झाली की तिचे थेंब थेंब सुटे करायचे, चिरडायचे नाहीत. आबा मागे उभे राहून बघायचे. एखादा थेंब फुटला की "अरे मास्तर, तो मेलो," म्हणायचे.

रसात माडाचा काळा गूळ, किसलेलं आलं, दोन तिरफळं बिया काढून. मग फेणी. किती? मी पहिल्या वर्षी वही घेऊन बसलो होतो. पदवीधर माणूस, माप लिहून घेतल्याशिवाय मला चैन नव्हतं. आबांनी गर्राफांव कलतं केलं, भांड्यात धार सोडली आणि डोळे मिटले. धारेचा आवाज बदलला तेव्हा थांबले.

"किती झालं?" मी विचारलं.

"जालें तितलें."

मी लिहिलं: झालं तितकं. ती वही अजून आहे.

मग ते भांडं फडक्याने बांधून विहिरीत सोडायचं, पाण्याला टेकेल न टेकेल असं, रात्रभर. बर्फ धक्क्यावर मिळायचा, पण तो मासळीचा. आबा म्हणायचे, बांगड्याने बाप्तिस्मा केलेला बर्फ मी पिणार नाही. भांड्याला गाठ ते स्वतः मारायचे आणि दुसऱ्याने मारलेली गाठ सोडून पुन्हा मारायचे.

दुसऱ्या दिवशी, दुपारी चारची फेरी शिवोलीहून सुटली की ढवळायला सुरुवात. हातभर लांबीचं एक लाकडी वल्हं त्यांनी त्यासाठी घडवलेलं होतं. फेरी सुटल्यापासून तिची फळी चोपड्याच्या धक्क्याला टेकेपर्यंत ढवळायचं, न थांबता. मी घड्याळ लावून बघितलं. एका वर्षी सात मिनिटं, एका वर्षी नऊ.

"आबा, दर वर्षी वेगळं होतंय. भरती-सुकतीवर अवलंबून आहे."

"मागीर? पेयूय वेगळें जाता. वेळ पळेव नाका, फेरी पळे." पळे म्हणजे बघ.

आता तिथे पूल आहे. फेरी गेली, आबा गेले, माईही गेल्या. मी डिचोलीला घर बांधलं. दिवाळीनंतरच्या रविवारी मी आमच्या स्वयंपाकघरात हे पेय करतो, आणि ढवळायला लागलो की मनातल्या मनात शिवोलीहून निघतो. मधल्या प्रवाहात थोडा रेंगाळतो. धक्का येतो तेव्हा थांबतो. बायको म्हणते, "या वर्षी लवकर पोचलात."

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कारीट. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचं बोट जिभेला लावतात. सुपारीपेक्षा थोडं मोठं, हिरवं, पट्ट्यापट्ट्यांचं फळ. दिसायला काकडीचं पिल्लू, चवीला साक्षात जहर. ते एक बोट कडू लागल्याशिवाय पोहे तोंडात घालायचे नाहीत. आबा दिवाळीचं एक कारीट वेलावर राखून ठेवायचे. रविवारी ते चिरायचे आणि त्याची चीर रिकाम्या ग्लासाच्या कडेवरून गोल फिरवायचे. आत काहीही नाही, फक्त कडेला. मग पेय ओतायचे. पिणाऱ्याच्या ओठाला आधी कडू लागायचं, मग आतलं गोड-आंबट-तिखट, आणि मग फेणी पोटात उतरून दिवा लावायची.

हे मी ऐकून सांगतोय. कारण मला मिळत नव्हतं.

आबांकडे जाड बुडाचे पाच ग्लास होते. ते त्यांना कोप म्हणायचे. एक त्यांचा. एक गावातल्या दुकानदाराचा, एक दवाखान्यातल्या कंपाउंडरचा, एक भजनात पखवाज वाजवणाऱ्या नाईकांचा. पाचवा त्यांच्या फेरीवरच्या जुन्या ड्रायव्हरचा होता. तो ड्रायव्हर वारला तेव्हापासून ग्लास फळीवर उपडा. चौघे सोप्यावर बसायचे, एकेक कोप घ्यायचे, दुसरा नाही. मी आत बसून वह्या तपासायचो आणि तोरंजनाने चिकट झालेली बोटं हुंगायचो. माई मला फराळाचं आणून द्यायच्या. शंकरपाळी देताना म्हणायच्या, "खा पुता. तें कडू कित्याक जाय तुका?" त्यांना कळत होतं मला काय हवं होतं. मला दारू नको होती. मला तो उपडा ग्लास सुलटा व्हायला हवा होता.

त्या वर्षांत भाषेचं वातावरण तापलेलं. भिंतीभिंतींवर चुन्याने लिहिलेलं असायचं, आमच्या शिक्षकांच्या खोलीत मराठीवाल्यांचा चहा वेगळा आणि कोंकणीवाल्यांचा वेगळा व्हायचा. सोप्यावर दुकानदार कोंकणीचा आणि पखवाजवाले नाईक मराठीचे. दोघे एकाच देवळात एकच मराठी अभंग म्हणायचे आणि बाहेर आल्यावर एकाच कोंकणीत भांडायचे. आबांचा नियम, कोप उपडा होईपर्यंत भाषेचा विषय नाही. एकदा दुकानदाराने तोडगा काढला, "भास सोडा, निदान ह्या पेयाचें नांव तरी कोंकणींत दवरूंया." नाईक लगेच सरसावले. मराठीचा माणूस म्हणून मला आतून बोलावलं गेलं. मी म्हटलं, "शारदीय म्हणा."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "नांव दिलें काय तें विकपाक येता," ते म्हणाले. "हें घरांतलें. हाका नांव कित्याक?" आणि मला परत आत पाठवलं.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं, आपणच करायचं. वही होती, पदवी होती. शाळेतला आमचा पीटीचा शिक्षक कोल्हापूरकडचा, धिप्पाड, मोकळा गडी. आबांच्या रविवारनंतरच्या शनिवारी त्याला खोलीवर बोलावलं. बाजारातून फेणी आणली, तोरंजन सोललं, घड्याळ लावून आठ मिनिटं ढवळलं. सात आणि नऊच्या मधलं म्हणून आठ. आणि कारीट? कडेला फिरवून काय होणार, असं मला वाटलं. मी ते लिंबासारखं पेल्यात पिळलं. उरलेली दोन कारिटं बशीत होती. मी पेले भरतोय तोवर गड्याने चाखण्याची काकडी समजून एक अख्खं दाताखाली घेतलं होतं.

"आयला!" तो उभाच राहिला. "ही काय काकडी म्हनायची का काय? आरं, जिभंचं लाकूड झालं की!"

तो थुंकायला खिडकीकडे धावला. मी घाईघाईने, त्याला कळू नये की माझंही चुकलंय, म्हणून माझा पेला तोंडाला लावला. मग आम्ही दोघंही खिडकीत होतो.

खाली अंगणात आबा उभे होते. वर बघत. ते वर आले, पेला हुंगला, पिळलेलं कारीट उचलून पाहिलं. पीटीचा शिक्षक म्हणाला, "आबा, तुमचं मास्तर मला मारायला बसलंय." आबांनी त्याला गूळ दिला. मग मला म्हणाले, "कारीट पिळपाचें न्हय. कडू दाखोवपाचें आसता, पियेवपाचें नासता."

मी चिडलेलो होतो. तोंड कडू, वर लाज. सरळ विचारलं, "दोन वर्षं तोरंजनं सोलतोय मी. मला तुम्ही का देत नाही? मी तुमच्या सोप्यावर बसायच्या लायकीचा नाही का?"

आबांना खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसलं. "लायकी? मास्तर, नवो मनीस बसता तेन्ना ताच्या कोपाक कारीट ताच्या बापायन फिरोवचें. तोच नेम. गोड कोणय दिता. कडू मात बापायन दिवंक जाय." मग म्हणाले, "तुजो बापूय जितो आसा न्हय? हाड ताका. सुपरवायझराक एक दीस सुटी मेळटली मरे."

हा नियम खरंच होता की त्यांनी त्या क्षणी केला, हे मी पुढे नाईकांना विचारलं. ते म्हणाले, त्यांचेही वडील आले होते, कारीट फिरवून शिव्या देऊन गेले होते.

झालं. एवढीच तर अट. सुर्ल्याहून डिचोली, डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून शिवोली, मग फेरी. अर्ध्या दिवसाचा प्रवास. पण मी वडिलांना बोलावलं नाही. आबांना म्हटलं, त्यांना सवड नाही, पाऊस सरला की बार्जींचा हंगाम सुरू होतो. ते खरंच होतं. पुढच्या वर्षीही तेच म्हटलं. घरी गेलो की बाबा विचारायचे, "मालक बरो आसा मरे तुजो? केन्नाय येवन पळेवंक जाय." मी म्हणायचो, बघू. रात्री जेवताना त्यांच्या नखांतली तांबडी माती दिसायची. ती साबणाने जात नाही, सणालाही जात नाही. मला त्या मातीची लाज नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. मला माझ्या तोंडातून गेलेल्या शब्दाची लाज होती. पण ती झाकायला मी त्यांनाच दूर ठेवत होतो, म्हणजे हिशेब एकच.

मग गोवा राज्य झालं ते वर्ष. शाळेच्या शिक्क्यातून दमण आणि दीव गेले. नवा शिक्का येईपर्यंत हेडमास्तरांनी जुन्यातलं ते रबर ब्लेडने कापून टाकलं, त्यामुळे प्रत्येक दाखल्यावर गोव्यापुढे एक भोक उमटायचं. त्या दिवाळीनंतरच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे सोलून मोकळा झालो. दुपारी सोप्यावर बघतो तर खुर्च्या पाच.

"माई, कोण येणार आहे?"

"येतलो कोण तरी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. नंतर कळलं, माझ्या घरून आलेल्या पत्रामागचा पत्ता बघून त्यांनी पोस्टकार्ड टाकलं होतं. बाबांना वाचता येत नाही. आठवीतल्या माझ्या बहिणीने वाचून दाखवलं.

चारची फेरी शिवोलीहून सुटली. आबांनी वल्हं भांड्यात घातलं. दुकानदार, कंपाउंडर, नाईक बसलेले. मी दाराशी उभा. फेरी मध्यावर आली, मग जवळ आली. आबांची नजर फेरीवर, हात ढवळतोय. पुढच्या बाजूला पांढरा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता, काखेत पिशवी. खलाशाने दोरी फेकली, पण धक्क्यावर ती घेणारा माणूस चहाला गेलेला. दोरी घसरून पाण्यात जायला लागली. त्या पांढऱ्या शर्टवाल्याने पिशवीचे बंद दातांत धरले, फळी टेकायच्या आत उडी मारली, दोरी वरच्या वर धरली, खांबाला दोन वेढे, एक ओढ, गाठ. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग शर्टाला हात पुसले. मग शर्टाकडे बघून त्याला पश्चात्ताप झालेला दिसला.

ते बाबा होते.

आबांचा हात थांबला. फळी टेकली म्हणून थांबला, असं मला वाटलं.

बाबा पायऱ्या चढून वर आले, तसे आबा मोठ्याने म्हणाले, "येयात, येयात सुपरवायझर!"

बाबांनी मागे वळून बघितलं, कोण येतंय म्हणून. मागे कुणी नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा होता कोण जाणे. त्यांनी एकदाच बघितलं, आणि खुर्चीत बसले. खनिजाच्या ऑफिसात बाकावरही टेकत नाहीत ते, इथे पाठ टेकून, पायावर पाय टाकून बसले.

"हय," ते म्हणाले. "आयलों. सुटी घेवची पडली. आमच्या कामांत सुटी म्हळ्यार त्रास."

कंपाउंडरला चौकशांची हौस. "तुमच्या हाताखाला कितलीं मनशां आसात?"

बाबांनी जरा विचार केला. "मनशांचें कितें सांगूं? माज्या हातांतल्यान दिसाक एक बार्ज भरून वता, इतलें खरें."

"बापरे," कंपाउंडर म्हणाला.

बाबा माझ्यासाठी खोटं बोलत होते आणि तेही त्यांना धड जमत नव्हतं, कारण एकेक शब्द खरा होता.

आबांनी फळीवरचा पाचवा कोप काढला. पुसला. सुलटा करून स्टुलावर ठेवला. कारीट चिरून त्याची चीर बाबांच्या हातात दिली आणि नियम सांगितला. बाबांनी ऐकून घेतला. मग ग्लास डाव्या हातात धरला आणि कारीट कडेला लावलं. भेगाळलेला अंगठा, नखांत तांबडी माती, हलकेच फिरणारा. अर्धी कड झाली आणि ते थांबले.

"सगळ्याक फिरय," आबा म्हणाले.

"पुरो," बाबा म्हणाले.

आबांनी भुवया वर केल्या, पण ओतलं. बाबांनी ग्लास उचलला, कडू बाजू आपल्याकडे वळवली आणि एक घोट घेतला. डोळे मिटले, उघडले. मग ग्लास फिरवून कोरी बाजू माझ्यापुढे धरली.

"घे."

नाईक पुटपुटले, "आबा, हें नेमांत बसना."

आबा माझ्याकडे बघत होते. फेरीतून माणूस उतरताना बघायचे, तसेच.

मी ग्लास घेतला. माझ्या बाजूला स्वच्छ काच होती. पलीकडच्या अर्ध्या कडेवर हिरवट ओल, आणि त्यात बाबांच्या ओठांची खूण. मी ग्लास हातात फिरवला, ती बाजू आपल्याकडे घेतली आणि प्यालो. कडू असं लागलं की कानांपर्यंत गेलं. मागून तोरंजन आलं, गूळ आला, आलं आलं, सगळ्यात शेवटी फेणी. बोलता आलं तेव्हा मी म्हटलं, "आबा, माझे बाबा सुपरवायझर नाहीत. धक्क्यावर फावडं ओढतात आणि दोऱ्या बांधतात. मी पहिल्या दिवशी तुम्हांला खोटं सांगितलं."

"मास्तर," आबा शांतपणे म्हणाले, "दोरी कोण धरता आनी कोण दुसऱ्याक धरपाक लायता, हें कळपाक माका पदवी नाका. आतां चारच्या फेरीक पळयलें न्हय?" मग बाबांकडे वळले. "असली गांठ मारपी मनीस हांवें धा वर्सांत पळोवंक ना. आमच्या खलाश्यांक शिकय रे भावा जरा."

बाबाच जास्त ओशाळले. "पोराच्या मनांत आयलें, उलयलो," ते म्हणाले. "सोडून दी."

"सोडलें," आबा म्हणाले. त्यांनी आपला कोप भरून बाबांपुढे ठेवला आणि स्वतःसाठी आतून पितळेचं फुलपात्र मागवलं. माई ते घेऊन बाहेर आल्या, पहिल्यांदाच दारात टेकून उभ्या राहिल्या. दुकानदाराने बार्जींची चौकशी सुरू केली, बाबा हातवारे करून सांगू लागले, भरती असताना बार्ज कशी लावतात, सुकतीला कशी. आबा मध्येच उठून उभे राहायचे: "बरोबर! हेंच हांव तांकां ओरडून सांगतां!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी ऐकणारं मिळालं होतं. भाषेचा विषय त्या दिवशी कुणाला आठवलाच नाही.

पाचवा कोप त्यानंतर माझा झाला. मी चोपडं सोडलं तेव्हा आबांनी तो कागदात गुंडाळून दिला.

शेवटची बस चुकू नये म्हणून ऊन उतरायच्या आतच बाबा निघाले. त्यांना शिवोलीपर्यंत सोडायला मी फेरीत चढलो. मध्यावर आल्यावर मागे पाहिलं. सोप्यावर आबा उभे होते, तोंडाशी हात धरून. "उजवे दी" असंच काहीतरी असणार. ऐकू येत नव्हतं.

बाबा पुढे, फळीपाशी उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुपरवायझर म्हूण सांगिल्लें जाल्यार आदीं कळोवपाचें रे. शेजाऱ्याचें घड्याळ मागून हातांत घालून येतलों आशिल्लों."

आणि शिवोलीचा धक्का जवळ आला तसे, पिशवी माझ्या हातात देऊन, दोरीकडे निघाले.